झाकणांच्या गावचा कौल

राजन म्हापणकरांना स्वतःच्या घरातली बातमी नेहमी चार दिवस शिळी मिळायची. शनिवारी पहाटे कंपनीची बस त्यांना रुवैसच्या रिफायनरीत नेऊन टाकायची आणि बुधवारी संध्याकाळी दुबईतल्या अल कुसैसला परत आणून ओतायची. मधल्या काळात घरात राज्यं उलथत. एका बुधवारी आले तर सोफा बदललेला. एका बुधवारी आले तर मुलीने, ईश्वरीने, सायन्स सोडून कॉमर्स घेतलेलं, आणि सगळे म्हणत होते, ‘तुम्हाला सांगितलं होतं की!’

जूनमधल्या त्या बुधवारी मात्र बातमी ताजी होती, आणि ती त्यांच्याच हातची होती.

सुजीत बिल्डिंगखाली उभा होता. त्याने बापाच्या हातातली बॅग घेतली. चोवीस वर्षांत त्याने बापाची बॅग घेतल्याचं राजनना आठवत नव्हतं, त्यामुळे ते तिथेच घाबरले.

“बाबा, परवा शुक्रवारी श्यूकाका जेवायला येतायत.”

“कोण श्यूकाका?”

“युलानचे बाबा. श्यातांगहून.”

“चीनमधून? जेवायला?”

“शारजाच्या एक्झिबिशनला आलेत. रात्रीची फ्लाइट आहे. आणि बाबा,” सुजीतने आवाज खाली आणला, “त्यांनी विचारलं देवाला. तीनदा. तिन्ही वेळा हो.”

लिफ्टचं दार उघडलं, बंद झालं, लिफ्ट वर निघून गेली. राजन खालीच राहिले.

झालं होतं असं. तीन आठवड्यांपूर्वी रुवैसच्या कॅन्टीनबाहेर राजनना फोन आला होता. पलीकडून युलान दुबईच्या डेरा बाजारातल्या दुकानांत शिकलेल्या हिंदीत बोलत होती आणि तिच्या मागून तिचा बाप चिनीत गर्जत होता. बापाचं म्हणणं साधं होतं: मुलं एकमेकांना पसंत आहेत, तुमचं काय? राजनना नाही म्हणायचं होतं. पण नाही म्हणणं हे खातं बायकोकडे, छायाकडे होतं, त्यांना त्याचा सराव नव्हता. म्हणून त्यांनी डोकं लढवलं. ते म्हणाले, “हमारे गाव में देव को पूछे बिना शादी नहीं होती. देव हां बोला, तो हमारा हां.” कम्युनिस्ट माणूस, देव म्हटलं की गप्प बसेल, असा त्यांचा हिशोब होता.

पलीकडे चिनीत बराच वेळ आनंद झाला आणि फोन ठेवला गेला.

“आईला माहितीये?” राजननी विचारलं.

“जेवायला येतायत एवढं माहितीये. शब्द दिलाय हे तुम्ही सांगा. तुमचा शब्द आहे.” सुजीतने बॅग परत बापाच्या हातात दिली. “युलानचा व्हिसा महिनाअखेरीस संपतोय, बाबा. परवा नाही झालं तर ती त्यांच्याबरोबर रात्रीच परत जाणार. मग मी इथे बसून काय झाकणं मोजू?”

झाकणांचा संदर्भ घरात सगळ्यांना पाठ होता. गेल्या वर्षी सुजीतच्या कंपनीने चीनमधून वीस हजार थर्मास मागवले, ते सगळे बोडके आले. चौकशीअंती कळलं की थर्मास बनतात नदीच्या वरच्या अंगाच्या गावात आणि झाकणं बनतात खालच्या अंगाच्या श्यातांगमध्ये, आणि बासष्ट सालच्या होड्यांच्या शर्यतीत कोणाचा तरी ढोल पाण्यात पडल्यापासून ही दोन गावं एकमेकांशी बोलत नाहीत. झाकणं आणायला सुजीत श्यातांगला गेला तो दोन दिवसांसाठी. राहिला अकरा दिवस. झाकणं आली, आणि झाकणांमागोमाग त्यांचा हिशोब सांभाळायला युलान आली.

गुरुवारभर राजन छायाला सांगण्याची संधी शोधत होते. पण छाया स्वतःच भलत्या आनंदात होती. “मी सगळं ठरवलंय,” ती कांदा चिरत म्हणाली. “व्यवस्थित जेवायला घालायचं, आणि शेवटी मुलीची पत्रिका मागायची. कम्युनिस्टांकडे पत्रिका कुठली आलीय? पत्रिका नाही, लग्न नाही. कोणी दुखावायला नको.”

पंचवीस वर्षांच्या संसाराने दोन माणसांची डोकी किती सारखी चालायला लागतात, हे राजनच्या त्या क्षणी लक्षात आलं. त्यांनी सांगायचं पुढे ढकललं.

शुक्रवारी सकाळी फुजैराहून राजनची बहीण हेमा आली, बर्फाच्या डब्यात दोन भलीमोठी सुरमई घेऊन. तिचा नवरा सूर्यकांत बंदरात ड्यूटीवर होता. हेमाने डबा ओट्यावर ठेवला आणि चपला काढायच्या आधीच विचारलं, “वहिनी, नाही म्हणायचं ठरलं का?”

“पत्रिका बघून ठरवू, वन्सं.”

“हो ना. माझ्या वेळी कौल बघून ठरवलं होतं.”

छायाने सुरमईवर पाणी सोडलं. एकोणऐंशी साली हेमाने घाटावरचा सूर्यकांत पसंत केला, तेव्हा तिच्या वडिलांनी, आप्पांनी, गावी आंबेखोलच्या रवळनाथाला कौल लावला होता. देवाच्या अंगावर पाकळ्या चिकटवतात. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. गावातलं लग्न, विहीर, कोर्टातली तारीख, काहीही त्याशिवाय होत नाही. हेमाचा कौल डावा पडला. हेमाने मुंबईला जाऊन रजिस्टर लग्न केलं आणि पुढली नऊ वर्षं, आप्पा जाईपर्यंत, तिला घराचा उंबरा बंद होता. याबद्दल दोघी नणंदा-भावजया कधी बोलल्या नव्हत्या. एकमेकींना डबाभर मासे मात्र देत होत्या.

“दादा, तू कोणाच्या बाजूने?” हेमाने राजनना धरलं.

“मी रुवैसला असतो,” राजन म्हणाले.

बरोबर साडेबाराला बेल वाजली. श्यूकाका ठेंगणे, काटक, राखाडी सूट घातलेले, आणि सुटाच्या बाहीवरचं लेबल तसंच ठेवलेलं. हातात लाल पिशवी. मागे युलान, ईश्वरीच्या कुर्त्यात आणि ओढणीत. ते कपडे ईश्वरीने दिले होते हे छायाच्या लगेच लक्षात आलं, म्हणजे मुलगीही फुटली होती.

“हॅलो, आंटी,” युलान म्हणाली, आणि वाकून अशी नमस्काराला आली की छायाच्या तोंडून “असू दे, असू दे” निघालंच.

श्यूकाका बोलले. खोलीतल्या काचा थरथरल्या. ईश्वरीने कानावर हात ठेवला.

“सॉरी हां,” युलान म्हणाली. “पापा सत्तावीस साल टाउनशिप के लाउडस्पीकर पे था. घर में भी ऐसा ही बोलता.”

मग तिने हळूहळू सांगितलं, आणि तिचं हिंदी जिथे अडलं तिथे सुजीतने धक्का दिला. श्यातांगच्या प्रत्येक चौकात खांबावर भोंगा आहे. पहाटे सहाला श्यूकाकांचा आवाज: आज खत आलंय, रांग लावा. कोणाची तरी तीन बदकं पंचायतीच्या आवारात आलीयत, ओळख पटवून न्या. रस्त्यावर भात वाळत घातलाय, ट्रकवाल्यांनी कडेने जावं. आज तिथीचा दोन, पाच किंवा आठ आकडा आहे, तेव्हा बाजार भरेल. एकदा त्यांच्या बायकोने जेवायला बोलवायला भोंगाच लावला आणि सगळं गाव आपापल्या घरी जेवायला गेलं.

“तिथीवर बाजार?” छायाने न राहवून विचारलं. “चंद्राच्या?”

“हां आंटी, चांद वाला. इस साल तो एक महीना एक्स्ट्रा है हमारा.”

“अधिक मास!” छाया म्हणाली. “आमचा सप्टेंबरात आहे.” मग आपण आनंदाने बोललो हे लक्षात येऊन ती भात वाढायला उठली.

राजन ताटाकडे बघत होते. श्यूकाकांच्या पानात सुरमईचं डोकं पडलं होतं. त्यांनी ते दोन्ही हातांनी उचललं, गालफडातलं मांस काढलं, डोळा खाल्ला, काटे चोखून ताटाच्या कडेला रांगेत मांडले. छाया बघत होती. माशाचं डोकं असं स्वच्छ खाणारा माणूस तिने आपल्या वडिलांनंतर पाहिला नव्हता. नवरा तर डोक्याला हातही लावत नसे. राजनना वाटलं, आता सांगावं. त्यांनी घसा खाकरला.

“पत्रिका,” छाया त्यांच्याआधी म्हणाली. “युलान बेटा, तुम्हारा जन्म का टाइम, डेट, कुछ लिखा है?”

श्यूकाकांनी पिशवीतून लाल कागद काढला. वर्ष, महिना, दिवस, घटका, सगळं ब्रशने रेखलेलं. छायाने कागद उलटा धरला, सुलटा धरला. दोन्ही बाजूंनी ती पत्रिकाच होती.

हेमाने सोलकढीत हसू लपवलं.

मग श्यूकाकांनी पिशवीतून दुसरी वस्तू काढली: बांबूच्या मुळाचे दोन तुकडे, कोयरीसारखे, एक बाजू सपाट, एक फुगीर. आणि एक फोटो. फोटोत फ्रिजएवढं देऊळ, त्यात लाल दाढीचा छोटा देव, आणि देवापुढे हेच दोन तुकडे जमिनीवर पडलेले. श्यूकाका उभे राहिले आणि भोंग्याच्या सुरात बोलले.

“पापा बोलता,” युलानने सांगितलं, “राजन अंकल ने बोला था, देव हां बोला तो फॅमिली का हां. तो पापा ने हमारे देव को पूछा. एक सपाट, एक उल्टा, मतलब हां. तीन बार पूछा. ये फोटो है. अभी अंकल का वर्ड.”

छायाने हातातला लाल कागद खाली ठेवला.

“कोणाचा वर्ड?” छायाने विचारलं. तिने राजनकडे पाहिलंही नाही. पाहायची गरज नव्हती, राजन आपसूकच लहान झाले.

“अगं, मला वाटलं ते कम्युनिस्ट आहेत.”

“तर?”

“तर देव नसेल त्यांच्याकडे.”

सुजीतमुळे मराठी कळायला लागलेल्या युलानने हे भाषांतर केलं. कोणी तिला सांगितलं नव्हतं. श्यूकाका दुखावले नाहीत, उलट हसले आणि बरंच काही सांगितलं. मधली काही वर्षं जुन्या, मोठ्या देवळाचं कोठार झालं होतं, तेव्हा त्यांच्या आईने देव लोणच्याच्या रांजणात लपवला. दहा वर्षं देव मोहरीच्या पाल्यात बसून होता. अजूनही जवळ गेलं की आंबट वास येतो, आणि श्यातांगचे लोक म्हणतात, आपला देव मुरलेला आहे, त्याचं उत्तर चुकत नाही.

छायाने पदर खोचला. “ठीक आहे. त्यांच्या देवाला विचारलं, आमच्या देवाला विचारायचं राहिलंय. सुजीत, किसन गुरवाला फोन लाव. स्पीकरवर.”

“आई, कौल? फोनवरून?”

“तुझ्या बाबांनी दिलाय ना शब्द देवाच्या नावाने. मग होऊ दे. डावा पडला तर कोणी मला बोलायचं नाही.” हे वाक्य तिने हेमाकडे बघून म्हटलं. हेमाने वाटी खाली ठेवली.

आंबेखोलला दुपारचे साडेतीन वाजले होते. किसन गुरव झोपेतून उठला. त्याचं घर देवळाला लागून, आणि त्याच्या मुलाने मुंबईहून आणलेला कॉर्डलेस सभामंडपाच्या तिसऱ्या खांबापर्यंत चालायचा. तिसऱ्या खांबापासून गाभारा वीस पावलं. किसनने अडचण सांगितली, “वैनीनू, फोनवरना कौल कधी लावलेलो नाय. पण देव काय, खयसूनय आयकता. थांबा.”

फोन सोफ्यापुढच्या टीपॉयवर, त्याच्याभोवती सगळे. आणि आंबेखोलच्या तिसऱ्या खांबापासून किसनचं गाऱ्हाणं सुरू झालं.

“बा देवा रवळनाथा म्हाराजाऽऽ!”

“व्हय म्हाराजा!” राजन, छाया आणि हेमा सवयीने म्हणाले.

“आज ह्यो तुझो लेकरू राजन, पोटासाठी दुबयच्या वाळयेत जावन रवलो हाऽ!”

“व्हय म्हाराजा!” आता सुजीत आणि ईश्वरीही.

“तेच्या झिलान चिनातला चेडू पसंत केल्यान हाऽ!”

“व्हय म्हाराजा!” असं कोणी तरी इतक्या जोरात म्हणालं की वरच्या मजल्यावरून कोणी तरी पाय आपटला. श्यूकाका ताठ उभे होते. भोंग्यातून आवाज येतो आणि सगळ्यांनी एका सुरात उत्तर द्यायचं असतं, हा प्रकार त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

“तो कोण रे?” किसन थबकला.

“व्याही,” हेमा म्हणाली.

“अजून नाही,” छाया म्हणाली.

“बरो आवाज आसा. तर म्हाराजा, खय ता चीन आणि खय आंबेखोल, तुका म्हायत आसात, माका नाय. तिच्या देवान हुकूम दिल्यान हा. तुझ्या मनात काय आसा ता उजव्या-डाव्यान दाखय, आणि चुकला-माकला पदरात घाल रे म्हाराजाऽऽ!”

“व्हय म्हाराजाऽऽ!”

किसनची पावलं गाभाऱ्याकडे गेली. मग काहीच नाही. फोनमधून एक कावळा, लांब कुठे तरी पाण्याची मोटर, परत कावळा. सुजीतने युलानच्या हाताजवळ हात नेला आणि आईकडे बघून मागे घेतला. कुठलीही पाकळी पडली तरी तिचा आवाज येणार नव्हता, तरीही सगळे कान देऊन बसले होते. दहा मिनिटं गेली. वीस गेली. ईश्वरी म्हणाली, “धिस इज सो स्लो.” श्यूकाका डोळे मिटून सरळ बसले होते. त्यांना देवांच्या वेळेचा अनुभव होता.

पावलं परत आली.

“वैनीनू.”

“बोल किसन.”

“देव गप्प आसा. दोनय पाकळ्यो चिकटलेल्यो. हलणत नाय.”

“मग?”

“मगे काय,” किसनचा आवाज कामकाजाचा झाला, “काय सांगू? उजवो सांगू काय डावो?”

सगळे टीपॉयवर आणखी वाकले.

“म्हणजे?” छाया म्हणाली.

“देव गप्प रवलो तर घरच्या कर्त्याक विचारूचा. आमच्या बापाशीनय तसाच केल्यान. एकुणऐंशीत देव आसोच गप्प रवलो, बापाशीन आप्पांका विचारल्यान. आप्पा म्हणाले डावो सांग. बापाशीन डावो सांगल्यान.”

“एकोणऐंशीत कसला कौल होता, किसन?” हेमाने विचारलं. तिचा आवाज अगदी साधा होता.

“कोण बोलता?”

“हेमा.”

फोनमध्ये कावळा ओरडला. “हेमाबाय, तू आसस थय?”

“आहे.”

“मगे मी फोन ठेवतंय.”

“ठेवू नको रे. तुझा काय दोष?”

युलान भाषांतर करायची थांबली होती. श्यूकाकांनी तिच्याकडे पाहिलं, तिने मान हलवली, आणि तो गर्जणारा माणूस आपणहून मांडीवर हात ठेवून शांत बसला.

“बावीस वर्षं,” हेमा म्हणाली, “मी देवावर रागावले होते. गावी गेले तरी देवळात मागे, चपलांजवळ उभी राहायचे. त्याचा यात काही संबंधच नव्हता.” ती थोडंसं हसली, ओढणीच्या टोकाने नाक पुसलं. “बिचारा.”

राजनना टीपॉयखाली जायचं होतं. आप्पांनी देवाच्या आडून नाही म्हटलं होतं, आणि त्यांनीही कॅन्टीनबाहेर उभं राहून नेमकं तेच केलं होतं. फरक एवढाच की आप्पांचं जमलं.

“वन्सं,” छाया म्हणाली, “त्या दिवशी नारळ मी फोडला होता. घरची सून म्हणून माझ्या हातात दिला. डावा म्हटल्यावर मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला सांगू? घरात दुसरा आवाज नको होता मला.”

“माहितीये, वहिनी. बोलता येत नव्हतं, म्हणून तर मासे आणते.”

“वैनीनू,” किसन कळवळून म्हणाला, “काय सांगू ता सांगा. फोनची बॅटरी जाता हा.”

सुजीत आईकडे पाहत होता. चोवीस वर्षांचा मुलगा असं पाहायला लागला की सहा वर्षांचा दिसतो, असं राजनना वाटलं. छाया उभी राहिली.

“गप्प सांग,” ती म्हणाली.

“तशी पद्धत नाय.”

“आजपासून आहे. देव गप्प आहे तर गप्प सांगायचं. त्याच्या तोंडी आपलं घालायचं नाही. झोप जा तू.”

ती तरातरा आत गेली. भांडी वाजली. राजनना अनुभवाने वाटलं, संपलं. सुजीतने डोकं धरलं. मग छाया बाहेर आली ती हातात नारळ आणि तांदळाचं ताट घेऊन, आणि श्यूकाकांपुढे उभी राहिली.

“सांग यांना, युलान. मी आज नाही म्हणणार होते. मुलगी लांबची, भाषा वेगळी, सणावाराला काय करेल, असं सगळं होतं डोक्यात. ते माझं नाही होतं, देवाचं नव्हतं. आणि माझं आहे म्हटल्यावर ते बदलायला मी मोकळी आहे. ओढणी पुढे कर.”

“क्या, आंटी?”

“पल्लू पकड़, पल्लू!” हेमाने तिच्या ओढणीची झोळी करून दिली. छायाने नारळ घातला, ओंजळीने तांदूळ घातले, पुन्हा घातले.

“इज दॅट अ येस?” ईश्वरीने विचारलं.

“व्हय म्हाराजा!” श्यूकाका गरजले. त्यांना एकाच मराठी उत्तराची सवय झाली होती आणि ते बरोबर जागी बसलं. वरच्या मजल्यावर पुन्हा पाय आपटला गेला.

निघताना श्यूकाकांनी बांबूचे दोन्ही तुकडे छायाच्या हातात ठेवले. ती नको नको म्हणाली, ते ऐकेनात, दोघांनी दारात चारपाच वेळा ते एकमेकांकडे ढकलले. दोन्ही गावांत हीच रीत असल्यामुळे कोणालाच वावगं वाटलं नाही. शेवटी छायाने ठेवून घेतले.

“नियम काय म्हणालीस?” तिने युलानला विचारलं. “एक सपाट, एक फुगीर म्हणजे हो.”

“दोनों फुगीर ऊपर, तो ना.”

“आणि दोन्ही सपाट वर?”

युलान हसली. “तब देव हंसता है, आंटी. सवाल ही ऐसा पूछा.”

“अस्सं.” छायाने तुकडे दोन्ही तळव्यांत धरले, देव्हाऱ्याकडे तोंड केलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “आमचे यजमान पुन्हा देवाच्या नावावर थाप मारणार नाहीत ना?”

“छाया, पाहुण्यांसमोर…” राजन म्हणाले.

तिने तुकडे फेकले. एक देव्हाऱ्यापाशीच थांबला. दुसरा गुळगुळीत फरशीवरून घसरत सोफ्याखाली गेला. म्हापणकर, श्यू आणि हेमा, सगळे ओणवे झाले. ईश्वरीने तिथे टॉर्च मारला.

दोन्ही सपाट वर.

श्यूकाकांनी एकदा सोफ्याखाली पाहिलं, एकदा राजनकडे, आणि ते इतक्या मोठ्याने हसले की भाषांतराची गरज पडली नाही.